विंचूदंशाची मीमांसा : डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या निबंधांचे परीक्षण

वैद्यकीय निबंधांचे परीक्षण भाषेच्या अभ्यासकाने कशासाठी करावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यास उत्तर एवढेच की, शास्त्रीय निबंध हाही एक लेखनप्रकार आहे. लेखकाने काय पाहिले, पाहिलेले कोणत्या क्रमाने सांगितले, आणि सांगितल्यापेक्षा अधिक काय वाचकाच्या पदरात घातले, हे तपासण्याचे काम ज्याला गद्य बारकाईने वाचण्याची सवय आहे त्यालाही करता येते. औषध गुणकारी आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार आमचा नव्हे. युक्तिवादाचा सांधा कोठे पक्का बसला आहे आणि कोठे ढिला राहिला आहे, एवढे सांगण्याचा अधिकार मात्र कोणत्याही वाचकाला नाकारता येणार नाही.

तरुण संशोधकांनी रोगाच्या कारणपरंपरेविषयीचे आपले शोध जगापुढे कसे मांडले, याचा विचार महाराष्ट्रापुरता करू लागल्यास प्रथम मुंबईच्या मोठ्या संस्था आठवतात. परळची हाफकिन संस्था, टाटा रुग्णालयाच्या आश्रयाने वाढलेले कर्करोग संशोधनाचे कार्य, शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय, ही नावे साहजिकच पुढे येतात. परंतु ज्या निबंधांचे येथे परीक्षण करावयाचे आहे, त्यांचा उगम अशा एखाद्या संस्थेत झालेला नाही. तो महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाला. जालना जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेले आणि नागपुरास एम.बी.बी.एस. झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली तेथे शासकीय नोकरीवर आले, तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या घरात होते. जिल्ह्याचे नाव त्या वेळी कुलाबा होते. रायगड हे नाव पुढे १९८१ मध्ये आले. तांबडा विंचू चावलेली माणसे, त्यांतही विशेषेकरून लहान मुले, डोळ्यांदेखत दगावताना त्यांनी तेथे पाहिली. त्यांच्या नावाभोवती आज बराच लौकिक जमला आहे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचे आत्मचरित्रही मराठीत आहे. त्या जीवनकथेत आम्ही येथे शिरत नाही. चरित्राच्या तेजाने निबंध दिपून जातात आणि मग ते कोणी वाचत नाही, असा अनुभव आहे.

दोन निबंध मुख्यतः विचारात घ्यावयाचे आहेत. पहिला १९८२ सालचा, लंडनच्या ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झालेला. त्याच्या शीर्षकाचा आशय मराठीत असा सांगता येईल : तांबड्या विंचवाच्या दंशात हृदयावर होणाऱ्या परिणामांची पूर्वसूचना देणारी चिन्हे व लक्षणे. दुसरा त्याच साप्ताहिकातला १९८६ सालचा, पत्राच्या आकाराचा. त्यात विंचूदंशाने हृदयावर व रक्ताभिसरणावर जे परिणाम होतात त्यांवर प्राझोसिन या औषधाचा उपयोग सांगितला आहे; या लेखाच्या सहलेखिका त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या आहेत. प्रसिद्धी मिळाली ती दुसऱ्यास, कारण त्यात उपाय आहे. आमच्या मते थोरवी पहिल्याची अधिक आहे, आणि पहिल्यावाचून दुसऱ्याचा अर्थच लागत नाही. हे मत का बनले, ते सविस्तर सांगितले पाहिजे.

विंचू चावला की मराठी माणसाचे लक्ष वेदनेकडे जाते. आपल्या भाषेत विंचवाला जोडलेले शब्द पाहावेत : कळ, आग, ठणका, इंगळीचा दंश. सगळे वेदनेचे. गावोगाव ‘विंचू उतरविणारे’ असत, आणि उतरावयाची ती वेदनाच असे. मनगटाशी आली, कोपराशी आली, खांद्यापर्यंत चढली, असे तिचे मोजमाप होई. १९८२ च्या निबंधाने हे मोजमापच बदलले. जागेवरची वेदना कितीही भयंकर असो, तेवढ्यावरून रोगी धोक्यात आहे असे ठरत नाही. धोका ओळखावयाचा तो दंशाच्या जागेपासून दूर असलेल्या लक्षणांवरून : वांती होणे, सर्वांगास दरदरून घाम सुटणे, तोंडास लाळ सुटणे, पुरुष रोग्यांत शिस्न ताठ होणे, आणि हातपाय गार पडणे. फुप्फुसात पाणी भरून रोगी धापा टाकू लागण्याच्या अगोदर ही लक्षणे दिसतात. म्हणजेच वैद्याच्या हाती काही वेळ असतो, आणि तो वेळ कोणत्या खुणेने ओळखावा हे या निबंधाने सांगितले.

लक्षणांची ही यादी नवी होती काय? यांपैकी एकेक गोष्ट अनेकांनी पाहिली असणारच. घामाचा उल्लेख तर एकनाथांच्या विंचवावरील भारुडातही आहे. तेथे विंचू काम-क्रोधाचा असला तरी चावल्यावर अंगास येणारा घाम खऱ्या विंचवाचाच आहे. कोकणातील वैद्यकव्यवसायी मंडळींनीही पूर्वी लिहिले होते, डॉ. मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरण्याविषयी १९६१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये टिपण प्रसिद्ध केले होते. नवे होते ते लक्षणांना काळाच्या क्रमात बसविणे. कोणते आधी, कोणते नंतर, आणि आधीचे दिसले असता नंतरचे अपेक्षावे काय, हा प्रश्न ज्याने विचारला त्याला रोग्याच्या खाटेपाशी बसून राहणे भागच होते. मोठ्या रुग्णालयात रोगी येतो तो बहुधा शेवटच्या अवस्थेत. तेथील नोंद कितीही काटेकोर असली तरी तिच्यात कथेचा पूर्वार्ध नसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील तरुण डॉक्टरास हा पूर्वार्ध सापडला, कारण त्याच्या साधनहीन दवाखान्यात रोगी लवकर येत होता आणि त्याला पुढे पाठविण्याची सोय बेताची होती. अडचणीतून लाभ होतो असल्या सुभाषितवजा विधानाचे हे समर्थन नव्हे. निरीक्षकाची जागा बदलली की निरीक्षणाचा विषयही बदलतो, एवढाच मुद्दा आहे.

आता कारणपरंपरेकडे वळू. आज जी उपपत्ती सर्वसाधारणपणे मान्य आहे ती थोडक्यात अशी. मज्जातंतूंच्या पटलावर सोडियमची सूक्ष्म द्वारे असतात. ती क्षणमात्र उघडून लगेच मिटावयाची. विंचवाच्या विषातील प्रथिने या द्वारांना वेळेवर मिटू देत नाहीत. त्यामुळे मज्जातंतू पुनःपुन्हा चेततात, आणि आपल्या इच्छेवाचून चालणारी जी स्वायत्त मज्जासंस्था, तिच्यात एक वादळ उठते. प्रथम तिचा एक भाग खवळतो. वांती, लाळ, घाम ही त्याची चिन्हे. मग दुसरा खवळतो, आणि ॲड्रिनलिन व नॉरॲड्रिनलिन या द्रव्यांचा रक्तात लोंढा येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून हातपाय गार पडतात आणि रक्तदाब चढतो. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदयाची शक्ती सरते, मागे तुंबलेले पाणी फुप्फुसात उतरते, आणि खोकल्यातून गुलाबी फेस येऊ लागतो.

ही उपपत्ती वाचल्यावर १९८२ ची यादी पुन्हा पाहावी. ती आता यादी राहत नाही. तिच्यातील प्रत्येक लक्षण या परंपरेतील एकेका टप्प्याचे बाह्य रूप ठरते. हातपाय गार पडणे हे तर शरीराच्या पृष्ठभागावर वाचता येणारे रक्तवाहिन्यांच्या आकुंचनाचे लेखनच होय. थर्मामीटरदेखील न लागता, केवळ हाताच्या पंजाने, ते वाचता येते.

येथूनच उपायाची दिशा निघाली. वाहिन्या आवळल्या जाणे हा अनर्थाचा मध्य असेल, तर त्या सैल करणारे औषध द्यावे. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड या औषधाचा प्रयोग झाला. ते शिरेतून थेंबथेंब द्यावे लागते आणि रक्तदाबावर क्षणोक्षणी डोळा ठेवावा लागतो. खेड्यातल्या रात्रीसाठी ते नव्हे. प्राझोसिन ही गोळी. रक्तदाब उतरविण्यासाठी ती अगोदरपासूनच वापरात होती, आणि वाहिन्यांच्या भिंतींतील आल्फा नावाचे जे ग्राहक नॉरॲड्रिनलिनचा हुकूम ऐकतात, त्यांनाच ती अडविते. विषाने जो हुकूम अतिरेकाने सुटतो, तो ऐकणाऱ्याचे कान झाकावयाचे, अशी ही योजना. १९८६ च्या पत्रात ती मांडली आहे. पत्र लहान आहे, भाषा कोरडी आहे, दावा मोठा आहे.

या दाव्यापाशी परीक्षकाने थांबले पाहिजे. बावस्करांच्या पुढील लेखनातून आणि त्यांच्याविषयीच्या लेखनातून एक तुलना वारंवार येते : पूर्वी गंभीर दंशाच्या सुमारे तीस टक्के रोग्यांना मृत्यू येई, प्राझोसिननंतर हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. ही तुलना मनाला लगेच पटते, आणि म्हणूनच तिची छाननी करणे अगत्याचे आहे. जुना आकडा ज्या रोग्यांचा, ते कोणत्या अवस्थेत दाखल झाले होते? पूर्वी पुष्कळांची ओळख फुप्फुसात पाणी भरल्यावरच पटत असणार. १९८२ नंतर, त्याच निबंधाच्या शिकवणुकीमुळे, रोगी वांती आणि घामाच्या अवस्थेतच ओळखला जाऊ लागला. मग मृत्यूचे प्रमाण घटले त्यातील श्रेय गोळीचे किती, आणि लवकर ओळखण्याचे किती? दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच प्रदेशात, पाठोपाठच्या वर्षांत केल्या. त्यामुळे श्रेयाचे हे दोन धागे एकमेकांत असे विणले गेले की नुसत्या आकड्यांनी ते उकलत नाहीत. आम्हांस तर असे वाटते की १९८६ च्या यशातील बराच भाग १९८२ च्या खात्यावर जमा झाला पाहिजे, आणि लेखकाने स्वतःच तो तसा केला असता तर त्याच्या पहिल्या निबंधाला न्याय मिळाला असता.

हा आक्षेप किती जुना आहे, ते विंचू उतरविणाऱ्याच्या उदाहरणावरून कळेल. त्याचेही यश मोठे असे. दहांतील आठनऊ जणांची वेदना काही तासांनी, नाहीतर दिवसभराने, आपोआपच ओसरावयाची. मंत्र मध्येच म्हटला गेल्यामुळे श्रेय मंत्राला. उपाय केला आणि गुण आला, एवढ्यावरून उपायामागची उपपत्ती सिद्ध होत नाही, हा तर्क मांत्रिकाला लागू करताना आपण कचरत नाही. तो डॉक्टरलाही लागू केला पाहिजे. मात्र दोघांत जो भेद आहे तो मूलगामी आहे. मांत्रिक चावलेल्या सर्वांची मोजदाद एकत्र करतो. बावस्करांनी आधी रोग्यांची प्रतवारी केली : केवळ जागेवर वेदना असलेले एकीकडे, आणि ज्यांच्या सर्व शरीरात लक्षणे उमटली आहेत ते दुसरीकडे. पहिल्या गटाला गोळीची गरज नाही असे म्हणणे, म्हणजे आपल्या औषधाला सोपे यश नाकारणे होय. आपल्या यशाचा आकडा फुगविण्याची संधी ज्याने आपण होऊन सोडली त्याच्या उरलेल्या आकड्यांवर विश्वास बसतो. येथेही जोर १९८२ च्या निबंधाचाच. प्रतवारी त्याच लक्षणांवर उभी आहे.

तुलनेसाठी एका गटाला औषध न देण्याचा मार्ग होता. मरणाच्या दारातील पोरापुढे उभा असलेला, आणि आपल्या खिशातील गोळीने गुण येतो अशी खात्री पटलेला डॉक्टर तो मार्ग पत्करणार नाही, पत्करू नयेही. तेव्हा पुराव्यातील उणीव ही लेखकाची कसूर नव्हे. परंतु उणीव नीतीमुळे राहिली म्हणून ती उणीव नव्हे, असे होत नाही.

येथे एक जुने उदाहरण आठवते. १९५२ साली, याच ‘लॅन्सेट’मध्ये, मुंबईच्या भेंडे, देशपांडे व भाटिया यांनी रक्तगटाचे एक नवेच लक्षण जगापुढे मांडले, पुढे त्यास ‘बॉम्बे रक्तगट’ हे नाव पडले. त्या निबंधावर या तिघांबरोबर सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स या इंग्लंडमधील चार संशोधकांची नावे आहेत. मुंबईत आढळलेल्या विलक्षण रक्ताची अंतर्गत रचना उलगडण्यास तेथील प्रयोगशाळेची जोड लागली, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. तीस वर्षांनंतरच्या १९८२ च्या निबंधावर मात्र एकच नाव आहे. हा फरक स्वाभिमानाचा म्हणून आम्ही सांगत नाही. रक्ताचा अर्थ प्रयोगशाळेवाचून लागत नव्हता; घामाचा आणि गार हातांचा लागत होता. कोणत्या प्रश्नाला कोणते साधन पुरते, हे ओळखणे ही तरुण संशोधकाची पहिली परीक्षा असते, आणि बिरवाडीच्या डॉक्टरने आपल्या साधनांना पुरेल असाच प्रश्न निवडला.

उपपत्तीविषयी एकमत लगेच झाले नाही, हेही नोंदविले पाहिजे. मुंबईतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ राधाकृष्ण मूर्ती यांनी निराळी बाजू मांडली. विंचवाच्या विषाने शरीरातील इन्सुलिनचा व्यवहार बिघडतो, इंधनाचा पुरवठा विस्कळित होतो, आणि हृदय व फुप्फुसे यांची हानी त्यातून होते. म्हणून इन्सुलिन द्यावे, असे त्यांचे म्हणणे. १९९१ साली त्यांनी सहकाऱ्यांसह लहान मुलांवरील अनुभव प्रसिद्ध केला, आणि इन्सुलिनने फुप्फुसातील पाणी ओसरल्याचे सांगितले. वाचकापुढे मोठा पेच उभा राहतो. दोन उपपत्ती, दोन औषधे, दोघांनाही गुण. प्राझोसिनच्या बाजूने उत्तर असे की, आल्फा ग्राहक खवळले की इन्सुलिनचे स्रवणही दबते, तेव्हा प्राझोसिन तोही अडथळा दूर करते. म्हणजे मूर्तींची उपपत्ती बावस्करांच्या उपपत्तीत एक शाखा म्हणून सामावते. उत्तर चतुर आहे. मात्र प्रतिस्पर्ध्याला पोटात घेणारी उपपत्ती खोडून काढणेही अवघड होऊन बसते, हे ध्यानात ठेवावे. खेड्यातील दवाखान्यात अखेर गोळी जिंकली, ती अंशतः तरी सोयीच्या बळावर.

खरी कसोटी आली ती प्रतिविषाच्या प्रश्नावर. विष निष्प्रभ करणारी लस मुंबईस हाफकिनमध्ये तयार होऊ लागली होती. ती आवश्यक आहे काय, असा प्रश्न शीर्षकातच घालून बावस्कर दांपत्याने १९९१ साली एक निबंध लिहिला. प्रश्नाचा रोख नकाराकडे होता, हे शीर्षकावरूनच उमगते. पुढे २००६ साली पश्चिम महाराष्ट्रातील एका ग्रामीण रुग्णालयातून प्रतिविषाच्या बाजूने अनुभव प्रसिद्ध झाला. आणि २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याच दांपत्याची चाचणी आली : सत्तर रोगी, चिठ्ठ्यांच्या पद्धतीने दोन गट, एकाला प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. प्रतिविषासह औषध घेतलेले रोगी लवकर बरे झाले.

या निबंधाचे दोष सांगता येतील. चाचणी एकाच ठिकाणची आहे. कोणाला काय दिले हे डॉक्टर आणि रोगी दोघांनाही ठाऊक होते. आणि चाचणी घेणारेच प्राझोसिनचे पुरस्कर्ते होते. पण तिसरा दोष येथे उलट्या बाजूने काम करतो. पुरस्कर्त्याचा कल कोणत्या दिशेला असणार, हे सर्वांना माहीत होते, आणि निष्कर्ष त्या कलाच्या विरुद्ध निघाला. वीस वर्षांपूर्वी स्वतःच विचारलेल्या प्रश्नाला स्वतःच्या हाताने वेगळे उत्तर लिहिणे, ही गोष्ट कोणत्याही विद्याशाखेत वारंवार घडत नाही. आमच्या भाषाशास्त्रात तर आम्हांस चटकन एकही उदाहरण आठवेना. उपपत्तीच्या दृष्टीनेही हा निष्कर्ष सुसंगत आहे. प्राझोसिन अनर्थाचा परिणाम अडविते, प्रतिविष कारणच हटविते. १९८६ मध्ये ‘ऐकणाऱ्याचे कान झाकले’, २०११ मध्ये ओरडणाऱ्याचे तोंडही बंद झाले. आणि १९८६ साली जी तुलना नीतीमुळे करता आली नव्हती, ती आता करता आली, कारण दोन्ही गटांना निदान प्राझोसिन तरी मिळतच होते.

राहता राहिला भाषेचा प्रश्न. हे सारे निबंध इंग्रजीत आहेत, आणि ते तसेच असावयास हवे होते. तुर्कस्तानात, इराणात, ब्राझीलात विंचू चावतात, आणि तेथील डॉक्टरांपर्यंत ते त्याच वाटेने पोहोचले. परंतु प्रस्तुत लेखक बदलापूरलगतच्या खरवईस राहतो. गावठाणाला खेटून येथे औद्योगिक वसाहत आहे, तिच्यातील रासायनिक कारखान्यांत विज्ञानाचे पदवीधर काम करतात. ग्राहक, प्रथिने, सोडियम हे शब्द त्यांना परके नाहीत. तरीही दगडांच्या ढिगातून किंवा लाकडांच्या मोळीतून विंचू निघाला आणि एखाद्याला चावला, की याच पदवीधरांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो ‘फार दुखते का?’ हाच. म्हणजे १९८२ पूर्वीचा. ज्या निरीक्षणाला थर्मामीटर लागत नाही, ते निरीक्षण चाळीस वर्षांत महाडहून खरवईस आलेले नाही. लंडनला मात्र ते आठवड्याच्या अंकात जाऊन पोहोचले. दोष संशोधकाचा नव्हे. त्याचे काम निबंध लिहून संपले होते; तो निबंध मराठीत आणणे हे ज्यांचे काम, त्यांत आमच्यासारखे विभागही मोडतात.

त्या कामातील अडचण शब्दांची नाही. ‘हातपाय गार पडणे’ हा प्रयोग मराठीत आधीपासूनच आहे, आणि इंग्रजी निबंधातील शब्दाहून तो अधिक नेमका आहे, कारण त्यात गार असणे नसून गार होत जाणे आहे. अडचण आहे ती या प्रयोगाच्या दुसऱ्या अर्थाची. आपल्या घरात हातपाय गार पडले असे म्हणतात ते शेवट जवळ आला असता. ऐकणारा डॉक्टरकडे धावण्याऐवजी नातेवाइकांना बोलावू लागतो. बावस्करांच्या निबंधात हेच लक्षण आरंभाचे आहे, अजून वेळ हाती असल्याचे. मराठीत ते लिहिताना भाषांतरकाराला हा अर्थ आधी उलटावा लागेल, आणि लक्षणांच्या यादीत त्याला ‘घाम’ व ‘वांती’ यांच्या शेजारी, वेदनेच्या बराच वर, जागा द्यावी लागेल.